साप नाही, तर मग कोण?

निवृत्त होऊन वर्ध्यात राहायला आले, तरी माझा फोन काही थांबलेला नाही. फरक एवढाच, की पूर्वी लोक जनावर घेऊन यायचे, आता नुसते प्रश्न घेऊन येतात. आमच्या कॉलनीतले एक बँकेतले गृहस्थ सकाळी फिरताना मला हटकून थांबवतात. "मॅडम, पालीची तुटलेली शेपटी वळवळते, तेव्हा दुखणं पालीला होतं की शेपटीला?" त्यांची नात त्यांच्याही वरचढ. बकरीच्या डोळ्यातली बाहुली आडवी का, हे तिने मला विचारलं तेव्हा मी आनंदाने सांगितलं, की मान खाली घालून चरतानाही बकरीला चहूकडून येणारा शत्रू दिसावा म्हणून. त्यावर ती म्हणाली, "मग तिला वर आकाश दिसतच नसेल का?" मी त्या दिवशी घरी येऊन नीट जेवलेही नाही. खरंच, किती दिसत असेल?

सरकारी पशुवैद्यक म्हणून माझी सगळी नोकरी वर्धा जिल्ह्यातच झाली. देवळी, वर्धा आणि शेवटी सर्वांत जास्त काळ आष्टी. बाहेरच्या माणसाला वाटतं, आमचं काम म्हणजे इंजेक्शन आणि गायीच्या पोटात खांद्यापर्यंत हात. तेही आहेच. पण खरं काम वेगळंच असतं. आमचा रोगी बोलत नाही आणि मालक थांबत नाही. रोग्याने न सांगितलेलं आणि मालकाने जास्तीचं सांगितलेलं, या दोहोंच्या मधून वाट काढायची असते.

देवळीला असताना एका शेतकऱ्याने बैल आणला होता. जोडीदार बैल मेल्यापासून हा रडतो, म्हणाला. बैलाच्या एका डोळ्यातून खरंच धार लागली होती. मी पापणी उलटून पाहिली तर आत पांढऱ्या, दोऱ्यासारख्या अळ्या. त्या धुऊन काढल्या आणि मोठ्या रुबाबात त्याला दाखवल्या. डोळ्याचं पाणी थांबलं. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला. "पानी बंद झालं मॅडम, पन तो कडबा खात नाई अजून. त्या जागेकडं पाहूनच राह्यते." त्यावर माझ्या पिशवीत काही नव्हतं.

म्हणजे उत्तर बरोबर आलं तरी प्रश्न संपतोच असं नाही. हे मला तेव्हा कळलं, पण त्याची खरी धग लागली ती आष्टीला.

आष्टीपासून थोडं आत एक गाव आहे. तिथल्या वच्छलाबाईंना सगळे वच्छलामाय म्हणत. नवरा नव्हता. मुलगा गजानन, सून प्रणिता आणि त्यांची लहानगी पोर. शेती बेताची, पण घरची नीट. दारात गवळाऊ गाय, पांढरीशुभ्र, नाव कवडी. गवळाऊ ही आमच्या भागाची गाय; दूध फार देत नाही, पण अंगाने चपळ आणि डोळ्याने हुशार. वच्छलामायचा जीव त्या गायीत होता. सकाळचं दूध स्वतः काढायची आणि कॅन घेऊन स्वतःच डेअरीच्या केंद्रावर जायची. गावात तिचा मान होता, आणि तो मान तिला ठाऊक होता.

एका सकाळी गजानन मला बोलवायला आला. "मॅडम, आमच्या कोठ्यात धामण हाय. गाईचं दूध पेते. तुम्ही पाहून घ्या, मंग आम्ही तिले मारतो."

कोठा म्हणजे आमच्याकडचा गोठा. मी गेले तेव्हा अंगणात शेजारपाजारचे लोक काठ्या घेऊन उभेच होते. वच्छलामायने सांगितलं ते असं: संध्याकाळी चारही सड भरलेले असतात. सकाळी मात्र डावीकडचे दोन रिकामे, ओलसर. वासरू सुटत असेल म्हणून त्याला घराच्या ओसरीत बांधून पाहिलं. तरी तेच. आणि परवा पहाटे शेण काढायला गेलेल्या प्रणिताला कोठ्यात धामण दिसली.

मी कास तपासली. सूज नाही, ताप नाही, दुधात गुठळी नाही. सडावर दाताची एकही खूण नाही. मग मी लोकांना समजावून सांगितलं, आणि समजावताना मला बरं वाटत होतं हेही खरं. सापाला मऊ ओठ नसतात, गाल नसतात. चोखायला तोंडात जी ओढ तयार व्हावी लागते ती त्याला करता येत नाही. त्याचे दात आत वळलेले. सड तोंडात धरला तर रक्त येईल आणि गाय लाथ मारून त्याचा चेंदा करेल. धामण येते ती उंदरांसाठी. कोपऱ्यात सरकीच्या ढेपेचं, म्हणजे पेंडीचं, पोतं फाटलेलं होतं, उंदरांची बिळं तिथेच होती. "तिला मारू नका," मी म्हटलं. "ती तुमचंच काम करून राहिली."

लोकांना पटलं. काठ्या खाली आल्या. आणि मग वच्छलामायने अगदी साधा प्रश्न विचारला.

"साप नाई, त मंग कोन पेते वो डॉक्टरीनबाई?"

"ते शोधावं लागेल. पण साप नाही, हे नक्की."

तेवढ्यात दुसऱ्या गावाहून फोन आला. म्हैस अडली होती. मी पिशवी उचलली आणि निघाले. निघताना प्रणिता दारात उभी होती, पोर कडेवर. तिने मला हसून हात जोडले. धामण वाचली म्हणून तिला आनंद झाला असावा.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी आष्टीच्या दवाखान्यात एक बाई बकरी घेऊन आली. पाठीला ओढणीने तान्हं मूल बांधलेलं. बकरीला औषध दिलं तरी बाई जाईना.

"मी नंदा. वच्छलामायच्या शेजारची. तुम्हाले माईत हाय काय, प्रणिता गेली?"

"कुठं गेली?"

"माहेरी. देवळीले. हाकलली तिले." ती थोडा वेळ बकरीच्या कानाशी चाळा करत राहिली. "आमचं नि त्यायचं वावराच्या धुऱ्यावरून बोलनं बंद हाय. पन प्रणिता माह्याशी बोलते. माह्या लेकराले माहं दूध पुरत नाई, हे तिले माईत. तुम्ही म्हनलं साप नाई. मंग मायनं हिशेब लावला. पहाटे कोठ्यात जाते कोन? प्रणिता. दूध कोनाले पाह्यजे? मले. झालं! डेअरीवर साऱ्या बायाइच्या म्होरं मायनं सांगतलं, सून कुडावरून दूध देते म्हनून."

"आणि दिलं होतं का?"

"एक थेंब नाई. लेकराची शपथ." मग म्हणाली, "आता माय गावभर सांगून राह्यली, सून गेली नि दूध बरोबर याले लागलं."

ती गेली. मी पुढचं जनावर तपासायला घेतलं आणि त्याला ताप किती ते दोनदा पाहिलं, तरी लक्षात राहिलं नाही. मी काही खोटं बोलले नव्हते. सापाबद्दलचं माझं वाक्य आजही तेच असेल. पण एका जागेवरून बोट उचललं की ते दुसरीकडे जाऊन टेकतं, आणि तिथे माणूस उभा होता. डोक्यात एकच घोळत होतं: डावीकडचेच दोन सड का? चोरून दूध काढणारा माणूस चारही सडांतून थोडं थोडं काढेल, म्हणजे कळणार नाही. वासरू तर कुठलाही सड धरतं. एकाच बाजूचे दोन कोण रिकामे करेल?

संध्याकाळी दवाखाना बंद झाल्यावर मी स्कूटर त्या गावाकडे वळवली.

वच्छलामाय मला पाहून खुश झाली नाही. "आता कायले आल्या बाई? झालं ते झालं."

"कवडीला पाहायचं होतं. आता दूध नीट येतं का?"

"येते."

गजानन खाटेवर बसला होता. बायको गेल्यापासून तो कुणाशी बोलत नसे असं नंदाने सांगितलं होतं. तो मान वर न करता म्हणाला, "नाई येत."

"गज्या!"

"नाई येत, माय. अजूनई डाव्या आंगचे सड रिकामेच असतात. तू दुधात..." पुढचं त्याने गिळलं. पण मला कळलं. केंद्रावर कॅन भरलेली दिसावी म्हणून काय होत होतं ते.

वच्छलामाय चुलीकडे तोंड करून बसली. तिला रागवायला मी गेले नव्हते, आणि रागावले असते तर तिने मला कोठ्याकडे फिरकू दिलं नसतं. मी म्हटलं, "मला फक्त गाय कशी बांधता ते दाखवा."

कवडी उजव्या बाजूच्या भिंतीला लागून बांधली होती. दावं बऱ्यापैकी लांब. तिला उजवीकडे वळायला जागाच नव्हती. वळायचं तर डावीकडेच. मी तिच्या डाव्या कुशीवरून हात फिरवला. कासेच्या वरचे केस चाटून चाटून एका दिशेला बसले होते. पुस्तकात कधीतरी वाचलेलं होतं, पण प्रत्यक्षात पाहिलेलं नव्हतं, आणि पुस्तकाच्या भरवशावर आता मला बोलायचं नव्हतं. एकदा बोलून बसले होते.

"आजचा दिवस हिला पलीकडच्या भिंतीला बांधा. डावी बाजू भिंतीला. आणि उद्या झुंजुमुंजू व्हायच्या आत मी येते. मी येईपर्यंत कोणीच कोठ्यात जाऊ नका."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता वच्छलामाय, गजानन आणि मी पराटीच्या, म्हणजे कापसाच्या, काड्यांच्या कुडामागे उभ्या उभ्या आत पाहत होतो. कवडी रवंथ करत बसली होती. मग उठली. अंग ताणलं. आम्हाला वाटलं, काहीच होणार नाही. आणि तिने सावकाश मान उजवीकडे वळवली, पाठीला बाक दिला, मागचा पाय जरासा पुढे घेतला आणि स्वतःच्या कासेचा सड तोंडात धरला. अगदी वासरासारखी चोखू लागली. डोळे अर्धवट मिटलेले.

"अवो माय माय माय," वच्छलामाय पुटपुटली.

दूध काढून पाहिलं तेव्हा उजवीकडचे दोन सड रिकामे होते. डावीकडचे भरलेले.

मी गजाननकडून चार काठ्या आणि सुतळी मागवली. गायीच्या मानेभोवती काठ्यांची सैल चौकट बांधली. चरता येतं, पाणी पिता येतं, पण मान कासेपर्यंत वळत नाही. ढेपेत खनिज मिश्रण घालायला सांगितलं. माझं काम संपलं होतं. गजानन काठ्या बांधताना सारखा डोळे पुसत होता, आणि मला त्या घरातून लवकर बाहेर पडायचं होतं.

"डॉक्टरीनबाई," वच्छलामाय म्हणाली, "देवळीले मले एकटीले जाववत नाई. तुम्ही चाला ना."

माझं वर्ध्याच्या कार्यालयात काम होतंच. आम्ही दोघी एसटीने निघालो. तिने नवं लुगडं नेसलं होतं आणि नातीसाठी फुटाण्याची पुडी घेतली होती. वर्ध्याला गाडी बदलेपर्यंत ती पुडी सांभाळत बसली होती. देवळीची गाडी सुटल्यावर एकदम म्हणाली, "ते दुधाचं, पानी टाकल्याचं, सांगाचं काय तिले?"

"ते तुम्ही ठरवा."

"तुम्ही सांगान काय?"

"मी गायीचं सांगेन."

हे उत्तर बरोबर होतं का, याचा विचार मी अजून करते. तिचं तिने सांगावं असं मला वाटत होतं. पण तसं वाटणं सोपंही असतं.

प्रणिताचे वडील शाळेत लिपिक होते. त्यांनी आम्हाला आत घेतलं, खुर्च्या दिल्या. आईने चहा आणला. प्रणिता दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, बसली नाही. मी गायीचं सगळं सांगितलं. तिचे वडील थक्क झाले, आणखी विचारू लागले. प्रणिताने ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळली.

"मॅडम, साप हाय म्हनत होते तवा तुम्हाले बोलावलं. पाहा म्हनलं. मंगच मारू म्हनलं. माह्या वेळी कोनालेच बोलावलं नाई."

मग ती सासूकडे वळली. आवाज चढवला नाही तिने.

"आत्याबाई, मी गेल्यावर गाईनं पेनं सोडलं होतं काय?"

वच्छलामायने हातातला कप खाली ठेवला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. बाहेर कुणाची तरी मोटारसायकल सुरू होईना, तिच्या किका आम्ही सगळे ऐकत बसलो.

"मले घरात या म्हनाची गरज नाई," प्रणिता शेवटी म्हणाली. "जिथं बोलल्या तिथं बोला. त्याच बायाइच्या म्होरं. मंग मी येतो."

परतीच्या गाडीत फुटाण्याची पुडी वच्छलामायच्या मांडीवर तशीच होती. नात झोपलेली होती, म्हणून द्यायची राहून गेली होती.

दोन-चार दिवस गेले. मी रोज वाट पाहत होते आणि कशाची ते स्वतःला सांगत नव्हते. मग गजाननचा फोन आला. प्रणिता आली होती. पण घरी नाही. नंदाकडे उतरली होती, कुडाच्या पलीकडे. ज्या घराशी वच्छलामायचं बोलणं नाही, त्याच घरात तिची सून राहिली हे अख्ख्या गावाने पाहिलं. "माय म्हनते, उद्या सकाळी डेअरीवर या. तुम्ही असान त लोकाइले गाईचं पटन."

दूध केंद्र म्हणजे शाळेला लागून असलेली एक पत्र्याची खोली. सकाळी बायका-पुरुष कॅन घेऊन रांगेत. मी गेले तेव्हा वच्छलामाय रांगेत होती. थोड्या अंतरावर नंदा, आणि तिच्या शेजारी प्रणिता, पोर कडेवर घेऊन. सासू-सुना एकमेकींकडे पाहत नव्हत्या.

वच्छलामायने घसा खाकरला. "ऐका वो बाया हो. माह्या सुनेनं दूध नेलं नाई. गाय आपलं आपनच पेत होती. डॉक्टरीनबाईनं दाखवलं."

हशाच उसळला. गाय स्वतःचं दूध पिते! रांग मोडली. सगळे माझ्याभोवती. "कशी वाकते वो?" "आमची म्हैसई पेत असन काय?" "पन काऊन पेते, मॅडम?" मी सांगितलं, कधी अंगात क्षार कमी पडतात, कधी लागलेली खोड असते, कधी एकटं बांधून ठेवल्याचा कंटाळा असेल, खरं कारण मलाही नक्की ठाऊक नाही. त्यावर आणखी हशा. दूध मोजणारा माणूससुद्धा बाहेर आला. सगळं गाव गायीवर बोलत होतं आणि वच्छलामाय मधोमध सुटल्यासारखी उभी होती. तिने नुसतं गप्प राहिलं तरी पुरे होतं. पाच मिनिटांत सगळे कॅन रिकाम्या करून घरी गेले असते, आणि गोष्ट गायीची झाली असती.

मी प्रणिताकडे पाहिलं. ती हसत नव्हती. वळून निघालीच होती ती, नंदाच्या घराकडे.

"गाईचं राहू द्या!" वच्छलामाय ओरडली. तिचा आवाज इतका फाटला की रांगेतली पोरंही गप्प झाली. "पोट्टी गेल्यावरई दूध कमीच येत होतं. मले रोज दिसत होतं. मी पानी टाकून कॅन भरली नि तुम्हाले सांगतलं, सून गेली नि दूध आलं. मले माईत होतं तिनं नेलं नाई. माईत असून सांगतलं."

कोणी हसलं नाही. दूध मोजणारा माणूस आपल्या हातातल्या मापाकडे पाहत राहिला. हे कबूल करून वच्छलामायने त्या गावात काय घालवलं, ते तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. तिची मान ताठ होती, फक्त कॅन धरलेला हात थरथरत होता आणि झाकणाचा बारीक आवाज येत होता.

प्रणिता थांबली होती. आमच्याकडे पाठ करून ती तशीच उभी राहिली, मला वाटलं फार वेळ. मग परत फिरली, चालत सासूपाशी आली आणि कडेवरची पोर तिच्यासमोर धरली.

"हिले घ्या," ती म्हणाली. "कॅन मी धरतो. तुमचा हात हालून राह्यला."